आबांची उमेदवारी

यंदा एस. वाय.च्या प्रवेशाचा फॉर्म भरताना माझं पेन एका रकान्यापाशी अडलं. ‘पालकाचा व्यवसाय’. हा रकाना मला काही नवा नव्हता. दहावीला, अकरावीला, एफ. वाय.ला मी तिथं एका दमात ‘टर्नर’ असं लिहून मोकळा झालो होतो. यंदा मात्र काय लिहावं ते कळेना. कारण त्या आठवड्यात माझे वडील टर्नर नव्हते. तीस वर्षं लेथवर काढलेला हा माणूस वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी एका बावीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली उमेदवारी करत होता.

“अहो, आटपा लवकर, मागं रांग आहे,” खिडकीतून आवाज आला. मी ‘टर्नर’ लिहिलं, पैसे भरले आणि बाहेर आलो. खरं लिहिलं की खोटं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

‘उमेदवार’ हा शब्द आपण आता निवडणुकीपुरता आणि नोकरीच्या जाहिरातीपुरता ठेवला आहे. उद्यमनगरातली जुनी माणसं मात्र तो अजून त्याच्या जुन्या अर्थानं वापरतात. “मी अमक्या मेस्त्रीकडं दोन वर्षं उमेदवारी केली,” असं सांगताना त्यांची मान ताठ होते. पदवी मिळवलेला माणूस विद्यापीठाचं नाव घेतो ना, अगदी तसं! उमेदवारी म्हणजे फुकट किंवा फुकटासारखं राबायचं, आणि राबता राबता शिकायचं. शब्दातच उमेद आहे, आणि उमेद हा तरुण माणसाचा माल, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चाललो होतो.

आबांची पहिली उमेदवारी १९९५ सालची. सातवी पास झालेला सोळा वर्षांचा पोरगा राधानगरीकडच्या एका वाडीतून मामाचं बोट धरून कोल्हापुरात आला आणि उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये चिकटला. पहिले सहा महिने त्याला कुठल्याही मशीनला हात लावू दिला नाही. बिडाचा काळा कीस झाडायचा, चहा आणायचा, मेस्त्रीनं हात पुढं केला की नेमका हवा तो पाना त्या हातावर ठेवायचा. मेस्त्री तोंडानं काहीही शिकवत नसे. त्याचा सगळा अभ्यासक्रम एका शब्दाचा होता, “बघ.” आणि चुकून काही विचारलं, तर उत्तर पान्यानंच मिळे. त्याची खूण आबांच्या उजव्या हाताच्या पाठीवर अजून आहे.

एके दिवशी मेस्त्री जेवायला गेलेला असताना आबांनी बोथट झालेलं एक टूल उचललं आणि ग्राइंडरवर धरून त्याला धार लावली. बघून बघून जे मनात बसलं होतं ते हातात उतरतं का, हे बघायचं होतं. मेस्त्री आला. त्यानं टूल उजेडात धरून फिरवून पाहिलं आणि काही न बोलता पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोथट टूलांचा अख्खा डबाच आबांच्या पुढ्यात ठेवला. “ह्यास्नी लाव.” आबांचं प्रशस्तिपत्रक ते एवढंच!

या गावात बहुतेक हुन्नर असेच एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले आहेत. आपण कोल्हापूरकर कुस्ती, चप्पल आणि मिसळ यांचा अभिमान मिरवतो. पण ऑइल इंजिनं बनवणारं गाव म्हणूनही या गावाचं नाव होतं, हे आमच्या पिढीला कुणी फारसं सांगत नाही. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात अजून आदरानं घेतात. सिनेमाचं तरी काय वेगळं? बाबूराव पेंटर यांनी १९१८ साली स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला, तो काही कुठल्या शाळेत शिकून नव्हे. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत जे शिकले त्यांतले दामले आणि फत्तेलाल यांनी पुढे प्रभातचा ‘संत तुकाराम’ केला. आणि तिथंच पडेल ते काम करत वाढलेले शांतारामबापू तर साऱ्या देशाला माहीत झाले. पण ही सगळी माणसं उमेदवारी करत होती तेव्हा तरुण होती. ज्याचे केस पिकलेत, ज्याच्या हाताखालून दहा पोरं शिकून गेलीत, त्यानं पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसायचं, ही गोष्ट निराळी आहे. ती मी घरात बसून पाहिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या पाडव्याला आबांच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन आलं. मालकांनी बँकेचं कर्ज काढून ते घेतलं, नारळ फोडला, पेढे वाटले. आबांनी घरी दोन पेढे आणले आणि “भारी धूड हाय बगा,” एवढंच म्हणाले. आम्हाला वाटलं, चांगलं झालं. नवं मशीन आलं म्हणजे कामं वाढणार. पंधरा दिवसांनी कळलं, की जुन्या चार लेथपैकी तीन दिवाळीपर्यंत विकायच्या आहेत.

मालकांचंही अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. ते स्वतः लेथवर उभं राहून वर आलेले. पण आताचं गिऱ्हाईक शंभर नगांतला शंभरावा नग पहिल्यासारखाच मागतं. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून बिडाचं कास्टिंग येतं, ते कातून, भोक पाडून, मापात बसवून पुढं मोठ्या कंपनीकडं जातं. तिथं एक नग दहा-वीस मायक्रॉननं इकडंतिकडं झाला तरी अख्खी पेटी परत येते. आबांचा हात कितीही सरळ असला तरी तो हातच. संध्याकाळी पाचला तो सकाळी नऊसारखा नसतो.

मालकांनी आबांना बोलावलं. काय बोलणं झालं, ते मला तेव्हा कळलं नाही. आबा घरी आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, “उद्यापासनं मी नव्या मशीनवर शिकायलोय. तीन म्हैनं हेल्परची हजेरी मिळंल. वव्हरटाइम न्हाई.” आईनं चुलीकडची मान वर केली नाही. घरात गॅस आहे. पण आईच्या बसण्याला आम्ही अजून चूलच म्हणतो.

आता त्या मशीनविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर आबांची अडचण आपल्या कलाशाखेच्या वाचकांना कळायची नाही. साध्या लेथवर कामगार मशीनच्या पुढ्यात उभा असतो. चकात जॉब फिरत असतो, टूल पुढं सरकत असतं आणि त्याचे दोन्ही हात चाकांवर असतात. कापण्याचा आवाज, हाताला लागणारी थरथर, कीस कसा पडतो, जळका वास येतो का, या सगळ्यांवरून त्याला कळत असतं की काय चाललं आहे. सीएनसीचं दार बंद असतं. दाराला काच असते, पण तिच्यावर पाणी आणि काळा कीस उडून ती आंधळी झालेली. माणसानं बाहेर पडद्यासमोर उभं राहायचं आणि आकडे वाचायचे. म्हणजे ज्या एका शब्दावर आबा शिकले, तो ‘बघ’च इथं निकामी झाला होता. बघायला काही नव्हतंच! होतं ते वाचायला, आणि तेही इंग्रजीत.

त्यांना शिकवायला होता तो पोरगा कळंब्याच्या आयटीआयमधून टर्नरचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेला. स्वभावानं चांगला. आबांना तो पहिल्या दिवसापासून ‘मामा’ म्हणायचा. आबा त्याला आधी ‘अरं पोरा’ म्हणत. आठ दिवसांनी ‘मास्तर’ म्हणू लागले. थट्टेनं म्हणतात की मनापासून, हे त्यालाही कळत नसावं. पण कारखान्याचा एक रिवाज असतो. जो सर्वांत नवा शिकाऊ, त्यानं चहा आणायचा. आबांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपण होऊन गेले.

आणि ते मी पाहिलं. जून महिन्यातली गोष्ट. कॉलेजातले आम्ही चौघं जण राजारामपुरीतून उद्यमनगराच्या बाजूनं चाललो होतो. समोरून आबा येत होते. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात पालथे ग्लास, पावसानं अंगाला चिकटलेला शर्ट. माझ्या बरोबरीच्या मित्रांना माझे वडील माहीत नव्हते. मी मान वळवली आणि एका दुकानाची पाटी वाचू लागलो. काय लिहिलं होतं त्या पाटीवर, ते मला अजून पाठ आहे. पण इथं लिहिण्यासारखं त्यात काही नाही. आबांनी मला पाहिलं की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. फॉर्मच्या खिडकीपाशी माझं पेन अडलं ते याच्या दुसऱ्या दिवशी.

त्याच आठवड्यात मी आईवर चिडलो. म्हटलं, “आबांना दुसरं कुठं काम मिळणार नाही का? शिरोलीत एवढे कारखाने आहेत. हे चहा आणणं शोभतं का त्यांना?” आई भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, “तुला ठावं न्हाई व्हय? मालक म्हणत हुतं, तुमचा पोरगा धाडा. त्यो शिकलाय, सा म्हैन्यात तयार हुईल. तुम्ही आता बसून नग घासायचं काम करा. वय झालं तुमचं.” मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, “तवा तुझ्या आबांनी सांगितलं, पोरगं कॉलेजात जातंय, त्येला ह्यात वढू नका. शिकायचंच आसंल तर मी शिकतो.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली. आबांना म्हटलं, “त्या मशीनचं पुस्तक घरी आणता येईल का?” पुस्तक आणता येत नव्हतं, पण त्या पोरानं पानांचे फोटो मोबाईलवर पाठवले. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं वही घेऊन बसू लागलो. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आबांना इंग्रजी कळत नव्हतं. मी शब्द वाचायचो, अर्थ सांगायचो, आणि तो शब्द मशीनमध्ये काय करत असेल हे आबा मला सांगायचे. म्हणजे वर्गात कोण होतं आणि फळ्यापाशी कोण, याचा पत्ताच नव्हता.

वहीत आबांनी आपल्या अक्षरात जे लिहिलं आहे, ते मला एखाद्या कोशासारखं वाटतं. ‘जी०० : पळत जा. जी०१ : कापत जा. जी०२ : घड्याळासारखं वळ. जी०३ : उलटं वळ. एम०३ : चक सुलटं फिरव. एम०५ : चक थांबव. एम३० : संपलं, पुन्हा पयल्यापासनं.’ भाषांतराचे नमुने आम्हाला वर्गात बरेच दाखवले जातात, पण ‘पळत जा’ आणि ‘कापत जा’ यांच्या जवळ येणारं मी अजून वाचलेलं नाही. मशीनचं पुस्तक जे चार ओळींत सांगतं, ते आबांनी दोन शब्दांत बसवलं होतं.

नवं शिकण्यापेक्षा जुनं विसरण्यातच त्यांचा जीव जास्त गेला. एक उदाहरण सांगतो. त्यांच्या लेथवर चाक एक मिलिमीटर फिरवलं, की टूल एका बाजूनं एक मिलिमीटर आत जातं. जॉब गोल असल्यामुळं व्यास दोन मिलिमीटरनं कमी होतो. म्हणून तीस वर्षं आबा मनातल्या मनात निम्मं करत आले. व्यासात चार काढायचे, तर चाक दोन. हा हिशेब ते करत नव्हते, तो त्यांच्या बोटांतच मुरला होता. सीएनसीवर ‘एक्स’पुढं जो आकडा घालायचा तो सरळ व्यासाचाच. निम्मं करायचं काम मशीन करतं. आबा पुन्हा पुन्हा निम्मा आकडा लिहायचे आणि खोडायचे. “डोस्क्यात बसलंय रं,” ते म्हणायचे, “पण बोटं ऐकत न्हाईत.” त्या पानावर इतकी खाडाखोड आहे, की कागद फाटला आहे. नवशिक्या पोराची पाटी कोरी असते, त्याला एवढं पुसावं लागत नाही. आयटीआयच्या पोराला जे एका दुपारी कळलं, त्याला आबांना तीन आठवडे लागले, ते काही बुद्धी कमी होती म्हणून नव्हे.

आणि मग ते टिंब!

त्या मशीनवर पन्नास मिलिमीटर लिहायचं, तर ‘एक्स५०’ लिहून भागत नाही. पन्नासच्या पुढं टिंब द्यावं लागतं, ‘एक्स५०.’ असं. टिंब दिलं नाही, तर मशीन त्याला पन्नास मायक्रॉन समजतं; म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग. जुलैमध्ये एका सकाळी आबांनी स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्रॅम मशीनवर चढवला. एके ठिकाणी टिंब राहिलं होतं. बटण दाबलं. टूल पन्नासवर थांबायचं ते थेट जॉबच्या मध्यापर्यंत आलं आणि तिथून सरळ भरीव बिडात घुसलं. टूल मोडलं, होल्डर वाकला, जॉब चकातून उसळून दारावर आदळला. दार बंद असतं ते कशासाठी, ते त्या दिवशी आबांना कळलं. कुणाला इजा झाली नाही. शेडमधली सगळी मशिनं थांबली आणि सगळे जण आबांकडं बघू लागले. तीस वर्षांत हा माणूस कधी तमाशा झाला नव्हता.

तो पोरगा मालकांना म्हणाला, “मी आधी चेक करायला पाहिजे होतं. ड्राय रन न घेता मी हो म्हटलं.” हे अर्धंच खरं होतं. नुकसानीचे पैसे कापले गेले, ते मात्र आबांचेच. त्या रात्री आबा वही घेऊन बसले नाहीत. दाराबाहेर पायरीवर बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाले, “एक टिंब, बघ की लेका. मुंगीएवढं.”

मला काय सुचलं कुणास ठाऊक! मी म्हटलं, “आबा, आमच्यातही असंच असतं. ‘पत’ लिहिलं आणि वर टिंब दिलं, की ‘पंत’ होतो. ‘रग’वर दिलं, की ‘रंग’. आमचे सर एका अनुस्वारासाठी मार्क कापतात.” आबांनी वळून माझ्याकडं पाहिलं. “तुमच्यात बी?” मग मी त्यांना सांगितलं, की पूर्वी मराठीत याहून किती तरी टिंबं होती, उच्चारात नसलेली सुद्धा द्यावी लागायची, १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती काढून टाकली. आबा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. “मग ह्या मशीनवाल्यास्नी कुणी तरी कळवाय पायजे,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लाल शाईचं पेन आलं. वहीतल्या प्रत्येक आकड्यापुढं एक ठसठशीत लाल टिंब आहे.

या सुमाराला अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी रोजगाराचा विषय काढला आणि ओघात अप्रेंटिसशिपचा कायदा सांगितला. मी कधी नव्हे ते पुढच्या बाकावर जाऊन बसलो. तास संपल्यावर ग्रंथालयात जाऊन आणखी वाचलं. हा कायदा १९६१ सालचा. त्यात शिकाऊ उमेदवाराचं वय किमान चौदा, आणि धोक्याच्या उद्योगात अठरा असावं असं आहे. कमाल वय सांगितलेलं नाही. पण त्याच कायद्यात असंही आहे, की शिकाऊ हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. २०१६ साली केंद्र सरकारनं अप्रेंटिसशिपला उत्तेजन देणारी योजना आणली. तीत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, सरकारनं उचलायचा असं ठरलं. चांगलंच आहे. पण हे सगळं डोळ्यांसमोर नवा मुलगा ठेवून रचलेलं. जो आधीच कामगार आहे आणि पुन्हा शिकाऊ होऊ पाहतो, तो यांतल्या कुठल्या खान्यात बसायचा? २०१५ च्या कौशल विकास योजनेत अनुभवी कामगाराला आधीपासून जे येतं त्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय झाली. त्यानं आबांना टर्नर असल्याचा कागद मिळाला असता. पण प्रश्न टर्नर असण्याचा नव्हताच, प्रश्न होता टर्नर असूनही न पुरण्याचा.

इंग्लंडमध्ये म्हणे हा प्रश्न निराळ्या रीतीनं सोडवला आहे. तिथं नोकरीत असलेला, पन्नाशीचा माणूससुद्धा आपल्याच मालकाकडं रीतसर अप्रेंटिस होऊ शकतो, पगार चालू ठेवून. त्यासाठी एप्रिल २०१७ पासून मोठ्या मालकांवर पगारबिलाच्या अर्धा टक्का इतकी पट्टी बसवली गेली. तिथंही सगळं आलबेल असेल असं नाही. पण ‘अप्रेंटिस’ म्हटल्यावर तिथं चहाची किटली आठवत नसावी. मी हे सगळं आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे कागदावर मी कोन?” मी म्हटलं, “कागदावर तुम्ही कुणीच नाही आबा. ना शिकाऊ, ना ऑपरेटर. मालकांचा आणि तुमचा तोंडी करार.” “मग बरं हाय,” ते म्हणाले. “नापास करायला बी कोन न्हाई.”

मला मात्र ते बरं वाटलं नाही. तोंडी करारात हजेरी कापायलाही कागद लागत नाही, हे मी जुलैमध्ये पाहिलं होतं.

ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली. ती मला आबांनी नाही, त्या पोरानंच सांगितली. एकदा तो आबांना सोडायला मोटारसायकलवरून दौलतनगरात आमच्या घरी आला होता. एका नव्या कास्टिंगचं काम चाललं होतं. प्रोग्रॅम बरोबर, आकडे बरोबर, टिंबं सगळी जागेवर. तरी टूलची धार दर आठ-दहा नगांमागं जात होती. पोरगा हैराण. वेग कमी करून पाहिला, दुसऱ्या कंपनीची टिप लावून पाहिली. आबा दाराला कान लावून उभे होते. म्हणाले, “मास्तर, पयला कट किती घेतलाय?” “अर्धा मिलिमीटर, मामा. हळूच सुरुवात.” “हळू नगं. बिडाला कातडं असतंय. वरनं कडक, वाळू चिकटल्याली. अर्ध्या मिलिमीटरात टूल त्या कातड्यातच घासत बसतंय. दोन मिलिमीटर खाली घाला, कातड्याच्या आत शिरू द्या.” पोरानं आकडा बदलला. टिप पहिल्यापेक्षा कितीतरी नग टिकली.

“आवाजावरनं कळलं मामांना,” तो मला सांगत होता. “दार बंद, पाण्याचा आवाज, पंख्याचा आवाज, त्यात हे कसं ऐकू येतं?” आबा आत हातपाय धुत होते. आईनं त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला. तो कप हातात धरून तो जरा ओशाळला. “मामी, चहा मी आणायला पाहिजे होता. पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. मला बोलायला जमलं नाही.” आईला काही कळलं नाही. मला कळलं. मी खाली बघितलं.

तीन महिन्यांचे चार झाले. गणपतीनंतर आबांना पुन्हा पहिली हजेरी मिळाली. वाढ नाही; पण पहिली मिळाली. दिवाळीआधी तीन लेथ टेम्पोत चढल्या. त्यांतल्या एकीवर आबांनी बावीस वर्षं काम केलं होतं. टेम्पो निघायच्या आधी त्यांनी तिच्या चाकाची मूठ कापडानं पुसली, असं तो पोरगा म्हणाला. आबा त्यावर काही बोलले नाहीत. घरी येऊन नेहमीपेक्षा एक भाकरी कमी खाल्ली, एवढंच.

तो पोरगा आता इथं नाही. चाकणला जास्त पगारावर गेला. जाताना आबांच्या पाया पडला. आबांनी त्याला आपलं जुनं मायक्रोमीटर दिलं. त्याच्या जागी आयटीआयचा आणखी एक नवा मुलगा आला आहे आणि त्याला आबा शिकवतात. चहाचं काय ठरलं आहे, ते मी विचारलं. “ज्याचं मशीन आधी थांबंल त्यानं आणायचा,” असं उत्तर मिळालं.

गेल्या महिन्यात दुसरं सीएनसी आलं. ते दुसऱ्या कंपनीचं, त्याचा कंट्रोल निराळा. काही आज्ञा त्याच, काही वेगळ्या. आबांनी मला नवी वही आणायला सांगितली. मी आणली आणि जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. मोबाईलवर आलेली पानं मी वाचत होतो. एका ठिकाणी थांबून म्हटलं, “आबा, एक चांगली बातमी. या मशीनला टिंब नाही दिलं तरी चालतं. पन्नास लिहिलं की ते पन्नासच समजतं.”

आबांनी चष्मा वर केला. “खरं म्हणतोस?”

“इथं तसंच लिहिलंय.”

त्यांनी थोडा विचार केला. मग खिशातून लाल पेन काढलं आणि नव्या वहीच्या पहिल्या ओळीतल्या पन्नासपुढं टिंब दिलं.

“असू दे,” म्हणाले. “पुढचं वाच.”